बाळराजांची पिवळी खोली

चंपावतीचे राजे रणधवल यांनी बाळराजांची खोली हरताळाची, म्हणजे सोमल असलेल्या पिवळ्या खनिजाची, पूड रोगणात घोटून पिवळीधमक रंगवून घेतली आणि त्याच दुपारी पाळणा तिथे हलवायचा हुकूम सोडला. रंग अजून बोटाला लागत होता. दारात उभं राहिलं तरी डोळे चुरचुरत.

पाळण्याजवळची दाई राही हिला काळजी करायची सवयच होती. स्वतःचं तान्हं झोपलं की श्वास चालू आहे ना, हे ती नाकाशी बोट धरून बघे. त्याने ते जागं होई आणि मग ती स्वतःलाच बोल लावी. आताही तिला वाटलं, आपलंच काहीतरी असेल. पण बाळराजे उंबऱ्यातच खोकून लालबुंद झाले, तशी ती मागे फिरली.

महाराज चिडले. बारशाला पाहुणे येणार ते ही खोली बघायला. त्यांनी बजावलं, रंग नको असेल तर रंगाविरुद्ध अवाक्षर न काढता तसं पटवून दे. एक शब्द निघाला की गाठोडं बांधायचं.

एवढ्यात बाळघुटीची वाटी आली. महाराजांनी बोट बुडवून चाटलं, तोंड वाकडं केलं आणि मान हलवली. बाळराजांच्या अंगात जे जाईल ते आधी महाराजांच्या अंगात, हा त्यांचाच कायदा होता.

"खोली फार सुंदर झालीय, महाराज," राही म्हणाली. "पाळणा आत्ता नेते. फक्त चाखायचं राहिलंय."

"काय चाखायचं?"

"आतली हवा. घुटी दिवसातून एकदाच जाते. हवा झोपेतही जाते."

महाराज कायद्याचे पक्के. आत गेले. बाळाला वारा लागू नये म्हणून दार लावायचंच होतं, तेही लावलं. राही बाहेर बाळाला थोपटत राहिली. आतून खाकरण्याचा, मग शिंकांचा, मग चौरंग आडवा झाल्याचा आवाज आला. पाणी आणू का, असं तिने विचारलं.

"नको. चाखतोय."

बाहेर आले तेव्हा डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

"आनंदाश्रू आहेत," महाराज म्हणाले.

"हो," राही म्हणाली. "बाळराजांनाही येतील."

महाराज खो खो हसले आणि हसता हसता पुन्हा खोकले. ती खोली बंद झाली. शेजारच्या खोलीला चुन्यात पिवळी माती कालवून हात दिला, आणि वास पुरता जाईपर्यंत खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. राहीला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या. शिवाय राजवाड्यात कुठेही रंग लावायचा तर आधी तिला विचारायचं, असं ठरलं.

राहीने लगेच विचारलं, "दरबाराचं छत कशाने रंगवलंय?"