तीनशे हिरव्या, एक लाल

आमच्या सांगलीच्या कॉम्प्युटरवाल्या ग्रुपनं लोकांना फुकट वापरायला एक सर्व्हर बनवला. तो नीट चालतो का, हे आपोआप तपासणाऱ्या तीनशे टेस्ट घैसास सरांनी लिहिल्या. सगळ्या कायम हिरव्या, म्हणजे पास. ग्रुपमधल्या तनुजाताईनं एकच टेस्ट लिहिली, ती आली लाल.

"तुझी टेस्टच चुकीची. काढ ती, नाहीतर ग्रुप सोड," सर म्हणाले.

"सोडते सर. त्याआधी तुमच्या एकदा चालवून दाखवा ना."

सरांनी ऐटीत बटण दाबलं. तीनशेच्या तीनशे हिरव्या.

"बघितलंस?"

"बघितलं. सर्व्हर मी सकाळपासून बंद ठेवलाय, सर."

सर हळूच म्हणाले, "तुझी लालवाली दाखव बरं."

गैरहजर पोराला पास करणारा असा मास्तर दहावीला मिळाला असता, तर मीपण सुटलो असतो की.