कठडा नसलेला पूल

मंडळी, जरा अलीकडेच उभे राहा. ह्या पुलाला वरच्या अंगाला कठडा आहे, खालच्या अंगाला नाही. बांधायचा राहिला असं नाही. सरकारी माणसं दोनदा मोजमाप घेऊन गेली, पण गावाने बांधू दिला नाही. खाली पाणी काळं दिसतं ना? ते उन्हाळ्यातही तसंच दिसतं.

फार पूर्वी आमच्या जर्मन मुलखात भाट किल्ल्याकिल्ल्यांतून फिरत आणि गाणी म्हणत. एक गाणं सगळ्यांच्या आवडीचं होतं म्हणे. सरदार लढाईहून वेष पालटून परततो, स्वतःच्याच मरणाची बातमी सांगतो, बायको परीक्षेला उतरते आणि मग मेजवानी झडते. परीक्षा कोणी घ्यावी, हे गाणी रचणाऱ्या पुरुषांनी आपसातच ठरवून टाकलेलं.

वरच्या किल्ल्याचा सरदार बुर्कहार्ट लढाईहून घरी निघाला, तेव्हा वाटेत त्याने हे गाणं ऐकलं. तोवर त्याच्या मनात बायकोबद्दल काही नव्हतं. गाणं ऐकलं आणि किडा वळवळायला लागला. त्याने यात्रेकरूचा फाटका झगा चढवला, चेहऱ्याला राख फासली आणि भरल्या दिवाणखान्यात जाऊन सांगितलं, की तुमचे धनी गेले.

इर्मगार्ड, त्याची बायको, जागची हलली नाही. तिने संताच्या अस्थींची पेटी आणवली. ह्या खोऱ्यात त्या पेटीवर हात ठेवून खोटं बोलणाऱ्याला नदीत टाकत. सुटकेची वाट एकच होती: घरच्या माणसाने पुढे होऊन ‘हा माझा’ म्हणत त्याचा हात धरायचा. बुर्कहार्टला हे ठाऊक होतं. घटकाभराचा तर खेळ, असं म्हणून त्याने पेटीवर हात ठेवला आणि आपण मेल्याची शपथ घेतली.

एवढ्यावर तरी थांबायचं! पण धनी परक्या बाईच्या घरी मेले, तुम्हीही आता खुशाल दुसरं लग्न करा, असंही तो बोलला. इर्मगार्डने काळी वस्त्रं मागवली. धनी कुठेही मेले असोत, मी त्यांचीच राहीन, एवढंच ती म्हणाली. तेव्हा बुर्कहार्टने झगा फेकला, चेहरा पुसला आणि मोठ्याने हसला.

त्याच्याबरोबर कोणीच हसलं नाही. धर्मगुरू पेटीकडे बघत होता. मग त्याने नियमाप्रमाणे इर्मगार्डला विचारलं, ‘ह्याला ओळखतेस?’

असं सांगतात, की ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिने त्याच्या वाटेकडे डोळे लावले होते. एक हात पुढे करायचा, की तो तिचा होता. त्याने आपला हात पुढे केला.

‘माझ्या नवऱ्याचा माझ्यावर विश्वास होता,’ ती म्हणाली. ‘ह्या माणसाला मी ओळखत नाही.’

त्याला इथे, ह्याच अंगाने, खाली टाकलं. इर्मगार्डने मरेपर्यंत काळी वस्त्रं उतरवली नाहीत आणि दुसरं लग्नही केलं नाही. कोणी तिला कठोर म्हणतं. मला तिची फार कीव येते.

आजही आमच्या गावात लग्नाआधी नवरदेव ह्या उघड्या कडेला, पाण्याकडे पाठ करून उभा राहतो. धर्मगुरू नवरीला विचारतो, ‘ह्याला ओळखतेस?’ तिने हवा तेवढा वेळ घ्यावा. पाहुणे हसतात, फोटो काढतात. नवरदेव हसत नाही.

माझ्या लग्नात मीही चांगला वेळ घेतला होता. त्यानंतर आमच्या ह्यांनी, कुठे गेली होतीस, असं मला जन्मात विचारलं नाही.