विकत घेतलेले पणजोबा

फार पूर्वी गोदाकाठच्या एका नगरात सुबाहू राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वांनी विणकराच्या घरी जन्म घेतला होता. मेघिय हे त्यांचं नाव, आणि साऱ्या विणकरांचे ते प्रमुख.

त्यांच्या मुलाला पुण्णक रंगाऱ्याची धाकटी लेक उप्पला पसंत पडली. पुण्णकाला आनंद व्हायचा, तर धास्तीच वाटली. त्याचा आजा दास होता. दास सोडायच्या रीतीप्रमाणे धन्याने त्याच्या खांद्यावरचा घडा फोडून त्याला मोकळं केलं, त्यालाही आता जमाना लोटला. पण थोरल्या लेकीची दोन स्थळं ‘दासाचं रक्त’ म्हणून उंबऱ्यावरून परत गेली होती, आणि ती बिचारी अजून माहेरीच होती.

सोयरीक ठरताना दोन्ही बापांनी सात पूर्वजांची नावं घ्यायची, दर नावाला पाटावर एक सुपारी ठेवायची, अशी तिथली रीत. पुण्णकाकडे नावं दोनच. मग त्याने गुपचूप वंशावळी सांगणाऱ्या एका परगावच्या भाटाकडून पाच पूर्वज विकत आणले.

मांडव भरला. पुण्णकाने सुपाऱ्या मांडायला घेतल्या.

“बाप तिस्स. आजा सोण. पणजोबा तेर नगरचे भद्दक...”

“थांब!” विणकरांतले वडीलधारे, म्हातारे कुटकण्ण ओरडले. “तेरचा भद्दक तर आमच्या मेघियाचा पणजा!”

“अगं बाई!” बायकांत कुजबूज उठली. “म्हणजे ही नवऱ्या मुलाची बहीणच की!”

भाटाने नामांकित घराणं म्हणून नेमकं व्याह्याचंच कुळ विकलं होतं. पुण्णक कोंडीत सापडला. गप्प बसावं तर एका कुळातलं म्हणून लग्न मोडतंय, खरं बोलावं तर दासाचं म्हणून. उप्पला मान खाली घालून बसली होती. तिच्या बोटांना नीळ लागलेली होती.

“ते पणजोबा माझे नाहीत,” तो कसाबसा म्हणाला. “विकत घेतलेत. माझा आजा दास होता. त्याला लहानपणीच आईपासून तोडून विकलं. त्याच्या मागचं कोणालाच ठाऊक नाही.”

“दास तो दास, वर लबाड!” कुटकण्ण उठले. “चल मेघिया. इथे सोयरीक केलीस तर प्रमुखाचं पागोटं उतरवून ठेवावं लागेल.”

मेघिय हलले नाहीत. त्यांनी आपल्या सुपाऱ्या घेतल्या. “बाप धम्मिक. आजा रोहण.” दोन ठेवल्या आणि हात आखडला.

“पुढे?”

“आज्याच्या मांडीवर मी खेळलोय, काका. पुढचे भाटाच्या तोंडूनच ऐकलेत. भद्दकाला कोणी पाहिलंय इथे?”

“मग तूही दासाचाच म्हण की!”

“असेनही. नाही अशी शपथ मला घेता येत नाही. तुम्ही घेता?”

कुटकण्णांनी नुसता पागोट्यासाठी हात पुढे केला. मेघियांनी पागोटं उतरवून त्यांच्या हाती दिलं आणि बोडक्या डोक्याने ते पुण्णकाकडे वळले.

“खोटं बोललात, व्याही, ते चुकलंच. पण ते तुमच्याकडून आम्हीच वदवून घेतलं. ती उसनी सुपारी उचला.”

पुण्णकाने ती उचलली. पाटावर दोन आणि दोन उरल्या. त्यांच्यावरच सोयरीक झाली. त्यानंतर वर्षभर मेघियांच्या मागावरच्या कापडाला कोणी हात लावला नाही. त्यांनी मात्र पागोटं परत मागितलं नाही.

अनेक जन्मांनंतर एका भिक्खूने नव्याने आलेल्या सोबत्याला “तुझं कुळ कोणतं?” असं चारचौघांत विचारलं, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली. विचारणारा तो तेव्हाचा कुटकण्ण. पायाकडे पाहत राहिलेला नवा सोबती तो पुण्णक. आणि मेघिय म्हणजे स्वतः शास्ते. दुसऱ्याची लाज आपल्या अंगावर घेणं, हीच करुणा.