इनफ कुणी म्हणायचं?

कुसुंबगड संस्थानचे दिवाण रघुपतराव विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले, ते एक शब्द घेऊनच: इनफ! कुणी गावासाठी विहीर मागितली, की इनफ. कुणी दवाखाना मागितला, की इनफ. इनफ म्हणजे पुरे, एवढं इंग्रजी एव्हाना संस्थानातल्या म्हशींनाही कळायला लागलं होतं.

मुलींच्या शाळेच्या हेडबाई अंबूताई चौथीच्या पुढचे वर्ग मागायला गेल्या, तेव्हा दिवाणसाहेबांनी मानही वर केली नाही. "मुलींना वाचता येतं ना? इनफ!"

बाई घरी गेल्या.

पुढं युवराजांच्या बारशाची पंगत बसली. राजेसाहेबांच्या शेजारीच दिवाणसाहेब. श्रीखंड वाढायला पदर खोचून अंबूताई आल्या. दिवाणसाहेबांच्या पानात त्यांनी बोटभर श्रीखंड टेकवलं, "इनफ!" म्हणाल्या आणि पुढच्या पानाकडे वळल्या.

सगळी पंगत थबकली. दिवाणसाहेब लालबुंद झाले. "अहो बाई, मी कुठं पुरे म्हटलं? पुरे जेवणाऱ्यानं म्हणायचं असतं, वाढणाऱ्यानं नाही! एवढीही रीत ठाऊक नाही?"

"मला ठाऊक आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "तुम्हाला आहे का, तेच बघत होते. माझ्या चौथीच्या मुली अजून पानावरच बसल्या आहेत."

राजेसाहेबांना हसता हसता ठसका लागला. "दिवाणसाहेब, उद्यापासून मुलींना वाढा! आणि बाई, तुम्ही यांना वाढा, पानावर हात आडवा धरेपर्यंत!"