एका वितीची पायरी

“मग चूक कुठं आहे, बाबा?”

हैबतीनं कड्याच्या तोंडाशी नुकतीच शिडी बांधली होती. आठ महिने तो वर पठारावर लुमाजीबाबांकडं राहून हेच शिकत होता. एका खोडाला खाचा पाडलेली शिडी त्याला येत होती, दोराची येत होती. आज दोन बांबूंचीही झाली. अठरा हात लांब. पायऱ्या धामणीच्या लाकडाच्या, घायपाताच्या वाखानं आवळलेल्या.

शिकणं संपलं होतं. आज तो खाली घरी जाणार होता.

“चूक म्हटलं का मी?” बाबा म्हणाले. “उतरून बघतो.”

पहिल्या दोन पायऱ्या ते कसेबसे उतरले. तिसरीसाठी पाय हवेत चाचपडू लागला...

“अजून खाली, बाबा! अजून थोडं!”

पाय पोचेना. गुडघा लटपटला आणि बाबा हातांवर लोंबकळले. हैबतीनं पालथं पडून त्यांची मनगटं धरली, वर ओढलं.

बराच वेळ दोघं धापा टाकत बसले.

“दोन वितींचं अंतर ठेवलंय,” हैबती म्हणाला. “लाकूड कमी, वजन कमी. मी तर झपाझप उतरतो.”

“तू उतरतोस.”

बाबांनी शिडी वर ओढायला लावली, कोयता घेतला आणि गाठी कापायला लागले. हैबतीच्या दिवसभराच्या गाठी.

मग त्यांनी हाताचा पंजा फाकवून बांबूवर ठेवला. एक वीत. तिथं पहिली पायरी.

“एवढ्या जवळ?”

“ठकूचा पाय याच्यापेक्षा वर उचलत नव्हता.”

ठकूबाई बाबांची धाकटी बहीण. पठारावर अकरा घरं होती. दहांच्या दारांना दगड लावून माणसं खाली राहायला गेली. ठकूबाई सगळ्यांत शेवटी गेली, त्यालाही सात वर्षं झाली. आता एकट्या बाबांच्या घरातून धूर निघे.

हैबतीला राग आवरला नाही.

“बाबा, ठकूबाई वारली. दोन वर्षं झाली. अख्ख्या गावाला ठाऊक आहे.”

दरीतून वारा वर येत होता...

“मलाही ठाऊक आहे,” बाबा म्हणाले. “खांदा दिलाय मी.”

हैबतीची मान खाली गेली. तो धामणीची आणखी लाकडं घेऊन आला आणि दुसरी पायरी धरून बसला. बाबा गाठ मारत गेले, तो आवळत गेला.

उन्हं कलताना शिडी पुन्हा उभी राहिली.

हैबतीनं बाबांच्या पाया पडून गाठोडं पाठीला बांधलं. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबला.

“बाबा... तुम्हीही चला ना खाली.”

बाबांनी शिडीचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

“उतरणाऱ्याचं तोंड वर राहणाऱ्याकडंच असतं, हैबती. सावकाश उतर.”