वस्तादांची सावली

नदीकाठच्या एका गावात रत्नाकर नावाचा फोटोग्राफर राहत असे. पोटासाठी तो लग्नांचे फोटो काढी, हौसेसाठी मात्र सावल्यांचे. दोरीवर वाळणाऱ्या धोतराची सावली, बाजेच्या विणीची सावली, बैलाच्या शिंगांची सावली, काही म्हणून त्याने सोडलं नव्हतं. भर उन्हात भिंतीकडे टक लावून तो उभा राही, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्या बाया म्हणत, "ह्याला कुणीतरी घरी न्या." रत्नाकर ते हसण्यावारी नेई.

शाळेच्या मास्तरांनी एकदा त्याला विचारलं, "माणसांच्या सावल्यांचे फोटो काढतोस, तेव्हा त्या माणसांना विचारतोस का रे?"

रत्नाकर म्हणाला, "सावलीला तोंड असतं का, मास्तर? मग परवानगी घ्यायची ती कुणाची?" आपल्या या उत्तरावर तो स्वतःच फार खूश होता.

त्याच गावात हिंदुराव वस्ताद होते. तरुणपणी त्यांनी भल्याभल्या पैलवानांची पाठ मातीला लावली होती. आता उतारवयात ते तालमीच्या ओट्यावर बसून पोरांना डाव शिकवत. उन्हाळा असो की थंडी, मांडीवर घोंगडी आणि हात घोंगडीखाली. असं का, ते एकट्या आक्काताईंना, त्यांच्या बायकोला, ठाऊक होतं. वस्तादांचे हात थरथरत. पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांना धरवत नसे. पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी दोन वर्षं त्यांनी निभावून नेली होती. त्यांच्या एका हाकेसरशी तालमीतली पोरं अजून ताठ उभी राहत, आणि वस्तादांना जगायला तेवढं पुरत होतं.

थंडीतल्या एका सकाळी रत्नाकर गावातल्या एका बोळातून चालला होता. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर त्याला दोन सावल्या दिसल्या. एक धिप्पाड माणूस बसलेला आणि त्याच्या तोंडाशी घास धरलेली एक बाई. त्या माणसाने लहान लेकरासारखं तोंड उघडलं होतं. रत्नाकरने श्वास रोखून फोटो काढला. पाठीमागच्या कुठल्या परसातून त्या सावल्या पडल्या, कुणाच्या, हे वळून पाहायलाही तो थांबला नाही.

घरी येऊन फोटो मोठा केला, तेव्हा सावलीच्या कडेला त्याला त्या माणसाचे कान दिसले. वर्षानुवर्षं मातीत घासून, चेंगरून मोडलेले पैलवानाचे कान. गावात पैलवान पुष्कळ होते, पण इतके मोडलेले कान एकाच माणसाचे होते, हिंदुराव वस्तादांचे. रत्नाकरने ते कान बोटांनी झाकून पाहिले. फोटो बाजूला ठेवला. पुन्हा हातात घेतला. पुढच्याच आठवड्यात वाचनालयात त्याच्या फोटोंचं प्रदर्शन होतं, आणि असा फोटो त्याला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. 'लोकांना काय कळतंय,' असं त्याने स्वतःला सांगितलं. शिवाय सावली बोळात पडली होती आणि बोळ तर सगळ्या गावाचा. फोटो त्याने दाराच्या अगदी समोर लावला आणि खाली लिहिलं, 'घास'.

प्रदर्शनाला निम्मं गाव लोटलं. 'घास' पाहून लोकांनी माना डोलावल्या. रत्नाकर मात्र त्या फोटोपासून चार हात लांबच उभा होता. चोराच्या मनात चांदणं. तेवढ्यात तालमीतला एक पैलवान पुढे झाला आणि निरखून म्हणाला, "हे तर आपलं वस्ताद हायत."

लोक फोटोजवळ सरकले. मग मागून आवाज आला, "वस्तादांस्नी आता घास भरवाय लागतोय व्हय?" चारदोन माणसं हसली. फार नाही हसली, पण हसली.

दुसऱ्या दिवशी वस्ताद तालमीत आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. ओटा रिकामाच राहू लागला. पोरं आपसात थोडी झोंबून घरी जात. रत्नाकरने फोटो उतरवला, पण तोवर गोष्ट घरोघरी पोचली होती. त्याला अन्न गोड लागेना. आरशात तोंड पाहायची लाज वाटू लागली. कान कुणाचे ते त्याला सगळ्या गावाच्या आधी कळलं होतं, आणि हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. अखेर एका दुपारी तो वस्तादांच्या घरी गेला. बाहेर छान ऊन पडलेलं, पण घराची मागची-पुढची दोन्ही दारं लावलेली होती.

आक्काताईंनी दार उघडलं. आत अंधारात वस्ताद जेवायला बसले होते.

"चुकलो, वस्ताद," रत्नाकर म्हणाला. "फोटो फाडून टाकला."

वस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं. "एक इचारतो. भिंतीवर लावायच्या आदी वळखलं हुतंस मला?"

नाही म्हटलं असतं तर रत्नाकर सुटला असता. तो शब्द अगदी ओठांवर आलाही होता. पण त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "होय. कानांवरनं."

"मग ऐक," वस्ताद म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते रत्नाकरला अधिकच लागलं. "कुस्तीच्या आदी आम्ही समोरच्याच्या हातात माती देतो. आता आपण लढणार, ह्ये त्याला कळावं म्हणून. मग त्यानं चितपट केलं तरी त्याचा राग येत न्हाई. म्या लई कुस्त्या हरलोय, पोरा. पर तू मला माती दिली न्हाईस. पाठमोरा असताना पाडलंस."

रत्नाकरला वाटलं, धरणीने पोटात घेतलं तर बरं. तो जायला वळला, तशा आक्काताई म्हणाल्या, "उपाशी कुटं निघालास? जेवणाच्या वक्ताला आलायस, बस."

त्यांनी त्याच्यापुढे भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. मग त्या नवऱ्याशेजारी बसल्या, घास मोडला आणि रत्नाकरच्या देखत त्यांच्या तोंडाशी धरला. वस्तादांनी क्षणभर डोळे मिटून घेतले आणि तोंड उघडलं. लपवण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं.

रत्नाकरने भाकरीचा तुकडा मोडला. त्याचे हात चांगले धडधाकट होते. तरी तो घास काही केल्या तोंडापर्यंत जाईना.

तात्पर्य: माणसाची सावली रस्त्यावर पडली, म्हणून ती रस्त्याची होत नाही. ज्याने जे झाकून ठेवलं आहे, ते चारचौघांत मांडण्याआधी त्याच्या दारी जाऊन विचारावं. नंतर मागितलेल्या माफीने आपलं मन हलकं होईल, पण त्याची गेलेली पत परत येत नाही.