देवाच्या डोक्यावरची डबी

एकदा एका कार्यालयाला भर वैशाखात हुडहुडी भरली. बाहेर रस्त्याचं डांबर वितळत होतं आणि आत माणसं स्वेटर घालून शेतीपंपांच्या ऑर्डरी घेत होती. मालकांनी मोठ्या हौसेनं अख्ख्या दालनाला पुरेल असा एसी बसवून घेतला होता. आता शहाण्या एसीची रीत काय? हवं तेवढं गार झालं की थोडं थांबावं, दम खावा, गरज पडली की पुन्हा कामाला लागावं. हा पठ्ठ्या थांबायचं नावच घेत नव्हता. सकाळी सुरू केला की माणसं घरी जाईपर्यंत त्याची घरघर चालूच. बंद करावा तर घटकाभरात सगळे घामाघूम, आणि चालू ठेवावा तर बोटं आखडलेली.

सर्वांत जास्त हाल शैलजाताईंचे. त्या कार्यालयातल्या सर्वांत जुन्या, सगळ्यांच्या आदराच्या. त्यात संधिवातानं गुडघे आधीच धरलेले. शाल, मफलर, पायमोजे, सगळं करून झालं. अखेर त्यांनी मालकांना सांगून टाकलं की येत्या शनिवारपासून मी येणार नाही, माझ्यानं आता होत नाही. घरी त्या एकट्याच असत. त्यांचं बोलणं, हसणं, कुणावर रागावणं, जे काही होतं ते या दालनातच होतं. ते सुटलं तर दिवस कसा काढायचा, हे त्यांना कळत नव्हतं.

एसी दुरुस्त करायला निनाद नावाचा तंत्रज्ञ येत असे. कामात चोख माणूस. त्यानं जाळ्या धुतल्या, गॅस तपासला, दारांखिडक्यांच्या फटी बुजवल्या. भिंतीवर एक छोटी डबी होती. खोली किती तापली आहे ते ओळखून एसीला ‘चल’ किंवा ‘थांब’ सांगणं हे तिचं काम. तिच्यावर आकडा दिसे चौतीस. माणसं कुडकुडताहेत आणि ही म्हणते चौतीस! म्हणजे डबीच खोटारडी, असं ठरवून निनादनं नवी डबी लावली. नव्या डबीनंही चौतीसच सांगितलं. तेव्हा मात्र त्याचं डोकं चालेना, आणि तो आपल्या गुरूंना, घोरपडे सरांना, घेऊन आला. तंत्रनिकेतनात एसीचं तंत्र शिकवण्यात सरांची हयात गेली होती.

त्या दालनात शिरताच उजव्या भिंतीवर एक लाकडी देव्हारा होता. येणारा प्रत्येक जण आधी तिथं थांबे, हात जोडी, मग कामाला लागे. मालकांनी, निनादनं आणि सोबतच्या दोघातिघांनी रिवाजाप्रमाणं डोळे मिटून नमस्कार केला. सरांनीही हात जोडले, पण डोळे टक्क उघडे. एवढ्यावर थांबते तरी! पुढं वाकून त्यांनी देव्हाऱ्यात नाक खुपसलं, मग थेट देवाच्या डोक्यावर तळहात धरला आणि तसेच उभे राहिले. मागं कुजबुज सुरू झाली. एवढे वयस्कर गृहस्थ आणि देवापुढं उभं राहायची ही कुठली तऱ्हा, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

सरांनी एसीकडं पाहिलंही नाही. देव्हाऱ्याच्या वरची ती डबी काढून समोरच्या खांबावर लाव, एवढंच त्यांनी निनादला सांगितलं. मालक अस्वस्थ झाले. डबी तिथं मुद्दाम त्यांनीच लावून घेतली होती. एवढं मोठं यंत्र, ते देवाच्या छायेत राहावं, असा त्यांचा भाव. सरांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि निनादला खूण केली.

खांबावर गेल्यावर डबीवरचा आकडा हळूहळू उतरू लागला, आणि बघता बघता एसी थांबला. दालन असं शांत झालं की आतल्या खोलीतला कारकून लाईट गेली का विचारत बाहेर आला.

निनाद खालच्या आवाजात म्हणाला, “सर, माझं चुकलं कुठं?”

“डबी खोटं बोलत नव्हती,” सर म्हणाले. “तिच्याखाली दिवसभर समई जळते. तिला दालन कळतच नव्हतं, कळत होती फक्त ज्योत. तू इथं उभा राहून डबी बदललीस, तेव्हा समई तुझ्या समोरच होती. पण या जागेपाशी आलं की आपण डोळे मिटतो, आणि नंतर उघडले तरी तेवढ्या जागेपुरते मिटलेलेच राहतात. जिथं मान दिला, तिथं पाहायचं राहून जातं बघ. मान द्यावाच. पण पाहावंही.”

“मग समईच हलवायला का नाही सांगितलंत?”

“समई तिच्या जागी होती. डबी मागाहून आली.”

हे ऐकत उभ्या असलेल्या शैलजाताई मटकन खुर्चीत बसल्या. समईला रोज तेलवात करणाऱ्या त्याच. “अहो, थंडी सोसेना म्हणून मी देवाला साकडं घालत होते,” त्या म्हणाल्या, “आणि रोज एक वात वाढवत होते.”

मग आधी ताईच हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि सगळं दालन त्यांच्यासोबत हसलं.

थोड्या वेळानं एसी पुन्हा शहाण्यासारखा सुरू झाला, तेव्हा ताईंच्या टेबलावरचे कागद फडफडू लागले. निनादनं वर पाहिलं. हवेचा झोत नेमका त्यांच्या खुर्चीवर येत होता. इतके दिवस कुणी त्यांना शाल आणून दिली होती, कुणी गरम चहा, सगळ्यांनी आपुलकीनं विचारपूस केली होती. पण ताई बसतात तिथं वरून काय येतं, हे मान वर करून कुणी पाहिलं नव्हतं. कुणाला काही न सांगता तो स्टुलावर चढला आणि त्यानं झोताची पट्टी छताकडं वळवली. सर पाहत होते. त्यांना फार बरं वाटलं.

कागद शांत झाले. ताईंनी मफलर सोडून त्याची घडी केली आणि मालकांना हाक मारली.

“शनिवारचं मी बोलले होते ना, ते विसरा. मी कुठं जात नाही.”